सीमेपलीकडची वर्गणी

दक्षिण आफ्रिकेतला सत्याग्रह पुन्हा सुरू करण्याची वेळ येणार असे दिसू लागले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी गांधींना एक रोखठोक प्रश्न विचारला होता. शेवटपर्यंत टिकतील अशी माणसे तुमच्याजवळ किती? गांधींनी कळवले, जास्तीत जास्त पासष्ट-सहासष्ट आणि कमीत कमी सोळा. सोबत हेही कळवून टाकले की, इतक्या थोड्या माणसांसाठी हिंदुस्थानातून पैसा यावा अशी माझी अपेक्षा नाही. मदत मागण्याची हक्काची संधी समोर असताना आधी आपले बळ मोजायचे आणि मग पैसे नकोत म्हणायचे, याचे मला फार अप्रूप वाटते. परदेशातल्या चळवळीला पैसे द्यावेत का, कोणी द्यावेत, कशासाठी द्यावेत, यावर गेल्या शंभर वर्षांत उदंड वाद झाले. या विषयाचा विचार करताना मी मात्र पुन्हा पुन्हा या पत्रव्यवहाराकडे येतो. त्यात क्रम स्पष्ट आहे. आधी माणसे उभी राहतात, पैसा त्यांच्या मागून जातो.

हे पुस्तक अशा मागून गेलेल्या पैशाचे आहे. एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशातल्या बंडखोरांना पुरवलेल्या पैशावर आणि हेरखात्यांच्या थैल्यांवर ढीगभर लिहिले गेले आहे. इथे विषय आहे तो घरखर्चातून बाजूला काढलेल्या पैशाचा. ज्या देशात आपण कधी पाऊल ठेवणार नाही, जिथल्या माणसांची नावेही आपल्याला नीट उच्चारता येत नाहीत, तिथल्या संपाला, खटल्याला, तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांना सामान्य माणसे पैसे का पाठवतात? त्या पैशाने होते काय? आणि तो पैसा कधी उलटतो? प्रश्न जुनेच आहेत. पण आज मोबाइलवर बोट टेकवले की पैसे जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचतात, त्यामुळे ते आपल्या प्रत्येकाच्या खिशाशी आले आहेत.

मराठी माणसाने तर या प्रश्नांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. आपण देणारे होतो आणि घेणारेही होतो.

देणाऱ्यांची गोष्ट आधी. १९०९ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधल्या सत्याग्रहींची तिजोरी रिकामी होत आली होती. शेकडो लोक तुरुंगात जाऊन आले होते, व्यापाऱ्यांच्या दुकानदारीचे नुकसान झाले होते, अनेकांची घरे उघडी पडली होती. अशा वेळी मुंबईहून सर रतन टाटांनी गोखल्यांमार्फत पंचवीस हजार रुपये पाठवले. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या देणग्यांची बेरीज सव्वा लाखावर गेली. आगाखान, हैदराबादचे निजाम अशी बडी नावेही देणगीदारांत होती. पण या निधीचा खरा कणा होता तो गोखल्यांचा शब्द. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेला, पुण्यात १९०५ साली भारत सेवक समाज काढणारा हा माणूस पैशाच्या बाबतीत किती काटेकोर आहे हे देणाऱ्याला ठाऊक होते. त्यांनी पैशाबरोबर कायद्याचीही बाजू लढवली. फेब्रुवारी १९१० मध्ये कलकत्त्याला, वरिष्ठ कायदेमंडळात, तिथल्या नाताळ प्रांतासाठी गिरमिटिया (करारबद्ध) मजूर भरती करण्यावर बंदी घालण्याचा ठराव त्यांनी मांडला आणि सरकारला तो मान्य करावा लागला. १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली.

१९१२ साली गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले. या दौऱ्यातली एक हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमानांची चांगली वस्ती होती, थोडे मराठी हिंदूही होते. त्यांच्यासमोर इंग्रजीत बोलू नका, मराठीत बोला, असा आग्रह गांधींनी धरला. गोखले मराठीत बोलले आणि गांधींनी त्याचे हिंदुस्तानीत भाषांतर करून सांगितले. ज्यांच्यासाठी पैसे गोळा करायचे त्यांना पाहून, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून आलेला माणूस परत आल्यावर झोळी फिरवतो, तेव्हा त्याच्या शब्दाला वेगळे वजन येते. गिरमिट संपलेल्या मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा वार्षिक कर रद्द होईल असे आश्वासन आपल्याला तिथल्या मंत्र्यांनी दिले, अशी गोखल्यांची समजूत होती. ते पाळले गेले नाही. मग १९१३ चा लढा पेटला, आणि पासष्टांच्या जागी हजारो उभे राहिले.

न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतले मजूर संपावर गेले. खाणमालकांच्या खोल्यांत राहणारी ही माणसे. काम सोडले की छप्पर गेले आणि अन्नही गेले. गांधींनी त्यांना सीमा ओलांडून ट्रान्सवालला नेण्याचे ठरवले. ६ नोव्हेंबर १९१३ ला निघालेल्या त्या यात्रेत २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. माणशी रोजचा शिधा ठरला होता दीड पौंड पाव आणि एक औंस साखर. चळवळीचा खर्च म्हणजे काय ते इथे कळते. दोन हजारांवर माणसे गुणिले दीड पौंड पाव, रोज. हा पाव पुरवणारा फोक्सरस्टचा पाववाला गोरा होता. त्याने भाव वाढवला नाही की वजनात मारले नाही. त्या काळात, त्या गावात, हेही धैर्यच होते.

इकडे गोखले मधुमेहाने पोखरले गेले होते. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणत होते आणि ते अंथरुणावरून तारा पाठवत होते, सभा भरवत होते, पैसे जमवत होते. मुंबईत जहांगीर पेटिट निधीचा कारभार पाहत होते. चार्ल्स अँड्र्यूज आणि विल्यम पिअर्सन यांना गोखल्यांनी तिकडे धाडले. २४ नोव्हेंबरला मद्रासला खुद्द व्हाइसरॉय हार्डिंग यांनी सत्याग्रहींची बाजू उघडपणे घेतली आणि साम्राज्यात खळबळ उडाली. जून १९१४ मध्ये कायदा होऊन तीन पौंडांचा कर गेला. पुढे आठ महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९१५ ला, गोखले गेले. त्यांचे आयुष्य या निधीने कमी केले असे कोणी म्हटले तर मला ते खोडून काढता येणार नाही.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हिशेबाची बाजू. गांधींनी रतन टाटांना लिहिलेल्या पत्रात पैसा कशावर गेला ते मांडले आणि ते जाहीरही केले. ‘इंडियन ओपिनियन’मध्ये देणग्यांची पोच छापली जात होती. टाटांनी कधी लढ्याची दिशा सांगितली नाही, गांधींनी कधी हिशेब द्यायचा टाळला नाही. सगळा व्यवहार या दोन गोष्टींवर उभा होता.

आता घेणाऱ्यांची गोष्ट. एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार जवळजवळ सहा महिने कामावर गेले नाहीत. ना. म. जोशी हे गोखल्यांच्याच भारत सेवक समाजातले कार्यकर्ते. त्यांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन आणि डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर या कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन एका संयुक्त संप समितीत बसली होती. मतभेद टोकाचे होते, पण परळ-लालबागच्या खोल्यांतली चूल दोघांनाही दिसत होती. गावाकडे शेत असलेले कोकणात आणि घाटावर निघून गेले. ज्यांना गाव नव्हते त्यांच्यासाठी धान्यवाटप सुरू झाले. त्या वेळी रशियातल्या कापड कामगारांच्या संघटनांकडून मुंबईच्या संपाला पैसे आले. ब्रिटनमधूनही कामगार चळवळीच्या वाटेने मदत आली.

सरकारला आणि मालकांना हे हवेच होते. मॉस्कोचा पैसा! वर्तमानपत्रांतून एकच ओरड झाली. कामगाराचा पगार किती, त्याचे तास किती, नव्या पद्धतीने एकाच माणसावर किती मागांचा भार टाकला जातो आहे, हे सारे प्रश्न त्या एका आरोपाखाली दाबता आले असते तर सरकारला हवेच होते. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाचा खटला उभा राहिला. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, अधिकारी यांच्याबरोबर अर्जुन आळवे आणि कासले हे गिरणीत काम करणारे कामगारही आरोपींच्या पिंजऱ्यात गेले. बेन ब्रॅडली, फिलिप स्प्रॅट आणि लेस्टर हचिन्सन हे तिघे इंग्रजही त्यात होते. खटला चालला जानेवारी १९३३ पर्यंत. मग पुन्हा वर्गण्या झाल्या. ब्रिटनमध्ये मीरतच्या कैद्यांच्या बचावासाठी समित्या निघाल्या. ज्या देशाचे सरकार आरोपी करत होते, त्याच देशातले नागरिक बचावाला पैसे देत होते.

रशियातला पैसा निखळ कामगारांच्या खिशातला होता असे मी म्हणणार नाही. तिथल्या संघटना राज्यकर्त्या पक्षाच्या कह्यात होत्या, आणि त्या पक्षाचे जगाबद्दल स्वतःचे बेत होते. पण सहा महिने संप टिकला तो कामगारांच्या हट्टावर, दुकानदारांच्या उधारीवर आणि गावाकडून आलेल्या तांदळावर. बाहेरच्या पैशाने त्याला हातभार लावला, तो पेटवला नाही. परकीय पैसा आला म्हणजे गाऱ्हाणेही परकीय, हा युक्तिवाद तेव्हा लबाडीचा होता आणि आजही कोणत्याही देशाचे सरकार तो करते तेव्हा तितकाच लबाडीचा असतो.

या पुस्तकाचा गाभा मात्र तिसऱ्या गोष्टीत आहे. तीही दक्षिण आफ्रिकेचीच, पण पैसा या वेळी लंडनहून गेला. ५ डिसेंबर १९५६ च्या पहाटे दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी देशभर धाडी घातल्या आणि एकूण १५६ जणांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला. नेल्सन मंडेला, अल्बर्ट लुथुली, वॉल्टर सिसुलू होते, तसे मॉन्टी नायकर आणि अहमद कथ्राडाही होते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधले धर्मगुरू कॅनन जॉन कॉलिन्स यांनी बातमी येताच शब्द दिला की, बचावाचा खर्च आम्ही उभा करू. ‘ख्रिश्चन अॅक्शन’ ही त्यांची संस्था वर्णभेदाविरुद्धच्या १९५२ च्या अवज्ञा आंदोलनापासूनच तिकडच्या कुटुंबांना पैसे पाठवत होती. जोहान्सबर्गमध्ये बिशप अँब्रोज रीव्ह्ज आणि कादंबरीकार अॅलन पेटन यांनी निधीची जबाबदारी घेतली.

खटला चार वर्षांहून अधिक चालला. मध्येच तो जोहान्सबर्गहून प्रिटोरियाला हलवला गेला. आरोपींना रोज बसने पन्नासहून अधिक किलोमीटर जायचे आणि तितकेच यायचे. नोकऱ्या गेल्या, वकिली बंद पडल्या, भाडी थकली. सरकारला शिक्षा देता आली नसती तरी चालले असते, कारण खटल्यानेच माणसे मोडत होती. लंडनच्या वर्गणीने वकील मिळाले आणि घरे कशीबशी चालली. २९ मार्च १९६१ ला उरलेले सगळे आरोपी निर्दोष सुटले. १९६३-६४ मध्ये मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर चाललेल्या रिव्होनिया खटल्यात फाशी समोर होती. ब्रॅम फिशर, जॉर्ज बिझोस, आर्थर चास्कलसन, जोएल जॉफी यांच्यासारखे वकील उभे राहिले, आणि १२ जून १९६४ ला निकाल जन्मठेपेचा लागला. मंडेला जिवंत राहिले याचे श्रेय एका निधीला देणे चूक होईल. जगभरचा दबाव होता, आरोपींचे स्वतःचे धैर्य होते. तरीही चांगला बचाव फुकट होत नाही, हे साधे सत्य त्या निकालामागे आहे.

मार्च १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कॉलिन्स यांच्या या ‘डिफेन्स अँड एड फंडा’वर बंदी घातली. त्याचा पैसा घेणे हाच गुन्हा झाला. बहुतेक निधी इथे संपले असते. हा मात्र इथून पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे गुप्तपणे चालला आणि त्याची पद्धत इतकी साधी होती की वाचताना थक्क व्हायला होते. खटल्यांचा पैसा लंडनमधल्या एका सॉलिसिटरमार्फत जाई. दक्षिण आफ्रिकेतल्या वकिलाला परदेशातल्या एखाद्या प्रतिष्ठित वकिली कार्यालयाचे पत्र येई की, आमच्या अशिलाला या आरोपीच्या बचावाचा खर्च करायचा आहे. पैसा कोठून आला हे त्या वकिलाला माहीतच नसे, त्यामुळे पोलिसांनी विचारले तर त्याला खोटे बोलावे लागत नसे.

कुटुंबांची व्यवस्था मात्र शेकडो सामान्य माणसांच्या हाती होती. ब्रिटनमधल्या, नॉर्वे-स्वीडनमधल्या, कॅनडातल्या बायका आणि पुरुष, बहुतेक मध्यमवयीन किंवा निवृत्त, ज्यांचे नाव कोणत्याही राजकीय यादीत नव्हते, त्यांना एकेका कैद्याच्या घराचा पत्ता दिला जाई. त्यांनी आपल्या हस्ताक्षरात, आपल्या नावाने, पत्रमैत्रीच्या थाटात पत्र लिहायचे. तुमची अडचण कानावर आली, थोडे पाठवते आहे, मुलांची खुशाली कळवा. राजकारणाचा शब्द नाही, निधीचे नाव नाही. पाकिटात मनीऑर्डर. दर काही आठवड्यांनी पुन्हा. तिकडून उत्तर येई. शाळेचा गणवेश घेतला. भाडे भरले. आईला दम्याचा त्रास आहे. नवऱ्याला भेटायला केप टाऊनला जायचे आहे, गाडीभाडे पुरेल का? केप टाऊनजवळच्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या राजकीय कैद्याला सुरुवातीच्या वर्षांत सहा महिन्यांतून एक पत्र आणि अर्ध्या तासाची एक भेट मिळे. त्या अर्ध्या तासासाठी कित्येक बायकांना हजार-दीड हजार किलोमीटर प्रवास करावा लागे. लंडनहून आलेल्या मनीऑर्डरीतून ते गाडीभाडे निघे.

आलेली उत्तरे पत्रलेखकाने लंडनच्या कार्यालयाकडे पाठवायची, तिथे ती वाचून, नोंदवून फायलीत लावली जात. गाडीभाडे मागितले असेल तर पुढच्या हप्त्यात रक्कम वाढे. फिलिस ऑल्टमन आणि रिका हॉजसन या दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या दोघींनी कामाची ही घडी बसवली. वर्षानुवर्षे पत्रे लिहूनही अनेकांना आपल्यासारखे आणखी किती जण आहेत याचा पत्ता नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा हेर क्रेग विल्यमसन जिनिव्हातल्या एका विद्यार्थी मदत संस्थेत शिरून वरच्या पदापर्यंत पोचला होता, १९८० मध्ये त्याचे बिंग फुटले. या निधीच्या गाभ्यात मात्र पोलिसांना शिरता आले नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून या निधीत मोठा पैसा सरकारांचा होता. स्वीडन सर्वांत पुढे होता. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या विश्वस्त निधीतूनही रक्कम येई आणि त्या कामामागे ई. एस. रेड्डी या भारतीय अधिकाऱ्याची चिकाटी होती. एकूण रक्कम सुमारे दहा कोटी पौंडांपर्यंत गेली असे मानले जाते. तेव्हा ही निव्वळ चिल्लर गोळा करून चालवलेली चळवळ होती असे चित्र रंगवणे बरोबर नाही. पण सरकारी पैसा शेवटी पोचला तो खाजगी हस्ताक्षरातून. स्टॉकहोमच्या तिजोरीतला क्रोना सोवेटोतल्या एका घरी पोचताना एका इंग्रज आजीचे पत्र होऊन पोचत होता. स्वतः ब्रिटनचे सरकार त्या काळात दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध नकोत म्हणत होते. आपल्या सरकारचे धोरण पटत नाही, तर नागरिक म्हणून आपण काय करू शकतो, याचे एक उत्तर त्या पत्रांत आहे.

या निधीवरही आक्षेप होते. १९६१ च्या डिसेंबरपासून मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लोकांनी घातपाताचा मार्ग धरला होता. मग घातपाताच्या आरोपीचा वकील पुरवणे म्हणजे घातपाताला मदत नव्हे काय? कॉलिन्स स्वतः अण्वस्त्रविरोधी चळवळीचे नेते आणि शांततावादी. त्यांची भूमिका स्पष्ट होती. प्रत्येकाला न्यायालयात बचाव मिळाला पाहिजे, आणि बाप तुरुंगात गेला म्हणून मूल उपाशी राहता कामा नये. शस्त्रांना पैसा नाही. ही रेषा बारीक आहे असे कोणाला वाटेल. मला ती पुरेशी जाड वाटते, कारण या निधीने ती पाळली.

ज्यांना ती पाळता आली नाही त्यांचेही उदाहरण समोर ठेवले पाहिजे. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘नोरेड’ ही संस्था निघाली. उत्तर आयर्लंडमधल्या कैद्यांच्या कुटुंबांना मदत, हा तिचा जाहीर हेतू. बोस्टन-न्यूयॉर्कच्या आयरिश वस्त्यांतून, पबमधून, जेवणावळींतून तिने पैसे जमवले. देणारे बहुतेक साधे, कष्टाळू लोक होते. पण या पैशातून आयआरए या तिथल्या सशस्त्र संघटनेकडे बंदुका जातात, असा आरोप ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या सरकारांनी सातत्याने केला, आणि १९८१ मध्ये अमेरिकी न्यायालयाने संस्थेला आयआरएची हस्तक म्हणून नोंदणी करायला लावली. कुटुंबांसाठी टाकलेला डॉलर कुठवर गेला याचा छडा देणाऱ्याला लावता येत नव्हता, आणि पुष्कळांना तो लावायचाही नव्हता. दूर राहणाऱ्याचा कडवेपणा स्वस्त असतो. बेलफास्टमधल्या आईला बॉम्बनंतरच्या रात्रीची किंमत द्यावी लागते, बोस्टनमधल्या देणगीदाराला नाही. परदेशस्थ समाजांच्या देणग्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण हा धोका मी नजरेआड करू शकत नाही. आपले मराठी लोक आज जगभर पसरले आहेत, त्यांनीही तो नजरेआड करू नये.

इंटरनेटने नवा पेच आणला. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडात ट्रकचालकांनी लसीकरणाच्या सक्तीविरुद्ध राजधानी ओटावा अडवून धरली. एका संकेतस्थळावर काही आठवड्यांत एक कोटी कॅनेडियन डॉलरहून अधिक पैसा जमला. ४ फेब्रुवारीला त्या कंपनीने निधी बंद केला, मग दुसऱ्या संकेतस्थळावर ओघ सुरू झाला. त्या दुसऱ्या ठिकाणची यादी फुटली तेव्हा दिसले की, देणगीदारांत निम्म्याहून अधिक अमेरिकेतले होते, जरी रकमेत कॅनडाचेच लोक पुढे होते. न्यायालयाच्या आदेशाने पैसा गोठवला गेला, सरकारने आणीबाणीचा कायदा वापरून खातीही गोठवली, आणि जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या फेडरल न्यायालयाने सरकारचे ते पाऊल अवाजवी ठरवले. मला त्या आंदोलनाच्या मागण्या पटत नव्हत्या. तरीही शंभर डॉलर देणाऱ्याचे बँकखाते सरकारने बंद करावे का, हा प्रश्न मागण्या पटण्या-न पटण्याच्या पलीकडचा आहे. आणि देणाऱ्यांनीही विचारायला हवे होते की, ज्याच्या हाती एवढा पैसा पडणार ती संघटना कोठे आहे, कोषाध्यक्ष कोण आहे. इथे क्रम उलटा झाला होता. पैसा आधी आला, संघटना त्याच्या मागून धावत होती.

याच काळातले म्यानमारचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कर्मचारी असे हजारो सरकारी नोकर कामावर जायचे थांबले. पगार बंद झाला, रेल्वे कामगारांना तर सरकारी घरांतून बाहेर काढले. परदेशात राहणाऱ्या बर्मी लोकांनी, त्यांत घरकाम करणाऱ्या आणि कारखान्यांत राबणाऱ्या बायकाही होत्या, हुंडीच्या जुन्या वाटांनी त्यांना पैसे पाठवले. शंभराहून अधिक वर्षांत तंत्र किती बदलले, पण पैशाची गरज तीच राहिली: काम सोडलेल्या माणसाच्या घरातली चूल.

आपल्या देशात कायदा या बाबतीत कडक आहे आणि होत गेला आहे. परदेशातून येणाऱ्या देणग्यांवरचा कायदा १९७६ मध्ये, आणीबाणीत झाला. २०१० मध्ये नवा आला, २०२० मध्ये तो आणखी आवळला गेला. आता परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासनावर वीस टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. २०२० च्याच मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: राजकीय उद्दिष्ट नसलेल्या संस्थेने लोकांच्या प्रश्नासाठी बंद, हरताळ अशा मार्गांना पाठिंबा दिला, एवढ्याने तिचा परदेशी देणगीचा मार्ग बंद करता येणार नाही. उलट दिशेने, भारतीय नागरिकाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यात देणगीही बसते. म्हणजे गोखल्यांनी केले ते आज कायद्याने अशक्य झालेले नाही. आपण ते करतो का, हा वेगळा प्रश्न. पॅलेस्टाइन, सुदान, म्यानमार यांच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. आपल्या मुक्तीच्या लढ्यांना परक्यांचे हात लागले होते हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने इतके कोरडे राहू नये असे मला मनापासून वाटते.

कॉलिन्स यांच्या निधीवरची दक्षिण आफ्रिकेतली बंदी फेब्रुवारी १९९० मध्ये उठली. कॉलिन्स ते पाहायला नव्हते, १९८२ च्या अखेरच्या दिवशी ते वारले होते. १९९१ मध्ये निधीने आपले काम संपले असे जाहीर करून दुकान बंद केले आणि कागदपत्रे केप टाऊनच्या वेस्टर्न केप विद्यापीठाकडे सोपवली. कुटुंबांची ती पत्रेही तिथे आहेत. त्यामुळे आज एखादा संशोधक कोणत्या घराला कधी किती पैसे गेले आणि त्या घराने काय लिहिले हे वाचू शकतो.

आपल्याकडे असे काय आहे? १९१३ च्या सभांमध्ये महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांनी जे चार-आठ आणे दिले त्यांच्या पावत्या, १९२८ च्या संपातल्या धान्यवाटपाच्या वह्या, मीरतच्या आरोपींच्या घरची पत्रे, यांतले काही अजून कोणाच्या तरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या युनियनच्या कपाटात पडलेले असणार. गिरण्या गेल्या, चाळी पुनर्विकासात पडत आहेत, आणि घर रिकामे करताना कागद सर्वांत आधी रद्दीत जातात. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा एखादा कागद असेल, तर तो फेकू नका. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला द्या, आणि देताना त्यामागची माहिती, आजी-आजोबांनी सांगितली असेल तशी, दोन ओळींत लिहून सोबत जोडा.